कचेरी सुटली, तरी बंधन सुटत नाही

सायंकाळी कचेरी बंद झाली की कारकुनाचा वेळ त्याचा स्वतःचा होतो. त्या वेळात त्याने मुलांचा अभ्यास घ्यावा, बाजारहाट करावा किंवा नाटकास जावे. त्यास कोणाची हरकत नसते. मग निवडणुकीच्या दिवसांत आपल्या पसंतीच्या उमेदवारासाठी त्याने घरोघर हिंडून मते मागितली, तर त्यात वावगे ते काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु भारतातील नियमांनी त्यास स्पष्ट नकार दिला आहे.

केंद्र सरकारच्या नागरी सेवकांसाठी १९६४ साली वर्तणूक नियम करण्यात आले. त्यांतील पाचव्या नियमानुसार सरकारी नोकराने राजकीय पक्षाचे सभासद होऊ नये, राजकीय चळवळीस वर्गणी देऊ नये, आणि विधिमंडळाच्या वा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत प्रचार करू नये. अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणे हेसुद्धा आपले वजन वापरणेच मानले जाते. पणजीच्या टपाल कचेरीतील कारकून असो वा हैदराबादच्या आयकर कचेरीतील अधिकारी असो, रजेच्या दिवशीही हे बंधन कायम असते. मतदानाचा हक्क मात्र अबाधित आहे. फक्त मत कोणास देणार किंवा दिले, हे त्याने सुचवावयाचे नाही.

निवडणुकीचा कायदा याहून पुढे जातो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६६ साली घातलेल्या कलमान्वये सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तसेच राजपत्रित अधिकारी, पोलीस आदी ठरावीक वर्गांतील नोकरांचे साहाय्य निवडून येण्यासाठी घेणाऱ्या उमेदवाराची निवडच रद्द होऊ शकते. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतील १९७१ ची निवड रद्द ठरविली, त्याचे एक कारण हेच होते. सरकारी सेवेतील यशपाल कपूर यांनी त्यांच्या प्रचाराचे काम केले होते, आणि त्यांचा राजीनामा नेमका कोणत्या दिवसापासून अमलात आला हा त्या खटल्यातील कळीचा मुद्दा होता. पुढे कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती झाली व ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निवड कायम केली.

सर्वच देशांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही. अमेरिकेत १९३९ च्या हॅच कायद्याने संघराज्याच्या नोकरांना प्रचाराची बंदी केली होती. परंतु १९९३ च्या दुरुस्तीनंतर त्यांपैकी बहुतेकांना कामाच्या वेळेबाहेर आणि कचेरीबाहेर प्रचार करता येतो. तेथे कायदा घड्याळ पाहतो, येथे तो पद पाहतो.

यामागील कारण समजण्यास फार दूर जावयास नको. आपल्याकडे मतदान केंद्रावर बसणारा अधिकारी बहुधा एखादा शिक्षक किंवा कारकूनच असतो. काल ज्याने एका उमेदवारासाठी मते मागितली, तोच आज मतदारयादी घेऊन बसला, तर दुसऱ्या पक्षाच्या मतदाराने विश्वास कसा ठेवावा? ज्याच्या हातून दाखला किंवा रेशनकार्ड मिळावयाचे, त्याची विनंती गरीब माणसास हुकमासारखी वाटते, मग ती रविवारी का केलेली असेना.

या बंधनाची किंमत थोडी नाही. खेड्यापाड्यांत जो वाचतो व विचार करतो, तो पुष्कळदा सरकारी नोकरच असतो. त्याचा आवाज गावास मुकावा लागतो. तथापि हाच नियम त्याचे रक्षणही करतो. वरिष्ठाने वा पुढाऱ्याने सभेस माणसे जमविण्याची गळ घातली, तर नियमाकडे बोट दाखवून त्यास नाही म्हणता येते, आणि मतपेटीपाशी तो इतर नागरिकांइतकाच स्वतंत्र राहतो.