उल्हासच्या खोऱ्यातला रविवार

आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी मिळावी, यासाठी मुंबईच्या कामगारांना लढावं लागलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि ‘दीनबंधू’ वृत्तपत्रातून त्यांची कैफियत मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

आज कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथं राहणाऱ्या कितीतरी घरांची मुळं गिरणगावात, गिरगावात, दादर-परळच्या चाळींत आहेत. जागा परवडेना तशी ही कुटुंबं मध्य रेल्वेच्या रुळांवरून पुढं पुढं सरकत गेली. सोमवार ते शनिवार लोकलची गर्दी, त्यात आयुष्याचा मोठा भाग जातो. मुलं झोपेत असताना बाप घर सोडतो, आई संध्याकाळी गाडीतच भाजी निवडते. अशा घरांसाठी रविवार फार मोलाचा आहे. तरीही तो दिवस बहुतेकदा मॉलमध्ये किंवा मोबाइलवर जातो. ‘इथं जवळपास बघण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

एक खोरं, अनेक स्थानकं

कर्जत आणि कसारा या दोन्ही मार्गांवरची आपली बहुतेक शहरं एकाच नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. राजमाची आणि खंडाळ्याच्या डोंगरांत उल्हास नदी उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी रुळांच्या सोबतीनं ती कल्याणला येते. कसाऱ्याच्या बाजूनं भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला. पुढं डोंबिवलीच्या पश्चिमेकडून खाडी होऊन उल्हास ठाण्याकडं जाते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. सगळी लांबी जेमतेम सव्वाशे किलोमीटर.

कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर या शहरांच्या नळाला येणारं पाणी याच खोऱ्यातलं आहे. म्हणजे आपण रोज ही नदी पितो, तिच्यावरच्या पुलांवरून रोज जातो, पण ती कुठून येते आणि कुठं जाते हे आपल्या मुलांना ठाऊक नसतं. रविवारच्या सहली या नदीच्या काठानं आखल्या, तर वर्षभरात मुलाला दोन हजार वर्षांचा इतिहास, भूगोल आणि निसर्ग पायाखालून घालता येतो. त्यासाठी घरची गाडी लागत नाही. लोकल, एसटी आणि सहा आसनी रिक्षा पुरतात.

वरचं पाणी : कोंडाणे, नेरळ, वांगणी

सुरुवात उगमाकडून करावी. कर्जतला उतरून कोंदिवडे गावापर्यंत रिक्षानं जायचं आणि तिथून रानातली वाट धरायची. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या शतकांत कोरलेलं हे बौद्ध लेणं. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या बसवल्या जात. दगडातही त्याच धर्तीची रचना कोरलेली दिसते. लाकडाचं काम दगडात उतरवणारे ते कारागीर होते. एका भग्न मूर्तीजवळ लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं, असं तो सांगतो. महाराष्ट्रातल्या प्राचीन लेण्यांत राजे, राण्या आणि दानशूर व्यापाऱ्यांची नावं मिळतात. काम करणाऱ्या हाताचं नाव क्वचित मिळतं. मुलांना हे नाव वाचून दाखवावं. ब्राह्मी लिपीतली पाच-सहा अक्षरं आधी घरी गिरवून नेली, तर दगडावर ती शोधण्यात मुलं रमून जातात.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशानं हा मार्ग झाला. दोन फूट रुंदीचे रूळ डोंगराला वळसे घेत सुमारे एकवीस किलोमीटर चढतात. माथेरानची वाट १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी सरकारदरबारी आणली. डोंगरावरच्या धनगर, ठाकर, कातकरी यांना ती त्याआधीपासून पायाखालची होती. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. मोटारींना गावात बंदी असल्यामुळे लहान मुलांना रस्त्यावर मोकळं सोडता येतं, आणि उपनगरातल्या आईबापांना हे सुख दुसरीकडं मिळत नाही.

वांगणी मात्र रात्रीची. मुंबईच्या दिव्यांपासून ती इतकी लांब आहे की आकाश काळं दिसतं आणि इतकी जवळ की पहाटेच्या लोकलनं परतता येतं. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्तानं १९८५ साली सुरू झालेलं ‘खगोल मंडळ’ इथं रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. हिवाळ्यातल्या अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. मृग, कृत्तिका, रोहिणी ही नावं आजीच्या तोंडी पंचांगामुळे असतात. नातवाला ती आकाशात दाखवता येतात.

अंबरनाथ : हजार वर्षांचं दगडी काम

या खोऱ्यात एकच ठिकाण पाहायचं असेल, तर ते अंबरनाथचं शिवमंदिर. स्थानकाच्या पूर्वेला रिक्षानं दहा मिनिटांवर, वालधुनी नदीच्या काठी ते उभं आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी ठाण्याला होती. छित्तराजाच्या काळात सुरू झालेलं मंदिर मुम्मुणी राजाच्या काळात पूर्ण झालं. उत्तरेकडच्या दाराच्या आत तुळईवर कोरलेल्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ही तिथी आहे. त्या वेळी मुंबई नावाचं शहर नव्हतं.

बाहेरून प्रदक्षिणा घालताना घाई करू नये. पायथ्याशी जोत्यावर हत्तींची रांग, त्याच्या वर देवदेवता, नर्तिका, वादक, वर शिखराकडं जाणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा. या रचनेला भूमिज शैली म्हणतात. माळव्याकडून ती दक्षिणेकडं पसरली, आणि महाराष्ट्रातल्या तिच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत अंबरनाथ मोडतं. हा सगळा दगड आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आहे, छिन्नीला अत्यंत कठीण. त्यातून दागिन्यांचे मणी आणि वस्त्रांच्या चुण्या काढल्या आहेत.

सभामंडपातून गाभाऱ्यात जायला सुमारे वीस पायऱ्या खाली उतराव्या लागतात. वरचं शिखर भंगलेलं असल्यामुळे गाभाऱ्यात आकाशाचा उजेड पडतो. सभामंडपाच्या छताकडं मान वर करून पाहिलं की एकात एक बसवलेले दगडी थर दिसतात. मुलांना विचारावं, ‘चुन्याशिवाय हे कसं टिकलं असेल?’ वजनानं वजन तोललेलं आहे, हे उत्तर ती स्वतः शोधतात. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. शांतपणे मूर्ती पाहायच्या असतील तर हिवाळ्यातली सकाळ बरी.

मंदिर पाहून झालं की वालधुनीही पाहावी. हजार वर्षांपूर्वी शिल्पकारांनी देवळासाठी जी नदी निवडली, ती आज सांडपाण्यानं आणि रसायनांनी काळी झाली आहे. २०१४ साली उल्हासनगरात या नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूनं शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. मुलांपासून हे लपवू नये. देऊळ आणि नदी एकत्र पाहिली, तर वारसा म्हणजे काय आणि तो कसा जातो, हे दोन्ही त्यांना एका सकाळी कळतं.

कल्याण : बंदराचं गाव

कल्याण आपल्याला जंक्शन म्हणून माहीत आहे. १ मे १८५४ रोजी रेल्वे इथं पोहोचली. पण त्याच्या अठराशे वर्षं आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचं नाव आहे. इथं येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचकडं नेलं जाई, असं तो लेखक सांगतो. बंदरासाठी दोन सत्ता भांडत होत्या, याची ती खूण. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. घाटावरच्या जुन्नरकडून नाणेघाटानं उतरणारा माल इथल्या जहाजांत चढे. कल्याणहून मुरबाडमार्गे जाणारी एसटी वैशाखरे गावाजवळ सोडते. तिथून चढून गेलं की घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण दिसतो. धडधाकट मुलं असतील तर पावसाळा सरल्यावर हा दिवस जरूर काढावा.

गावातच राहायचं तर सकाळी दुर्गाडी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीत झाली. किल्ल्यावरून उल्हासची खाडी दिसते, पलीकडं कोनगाव. परतताना जुन्या कल्याणात शिरावं. १८६४ साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय इथं आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६५ साली, आनंदीबाई जोशी यांचा जन्म याच गावात झाला. वाचनालयात नेऊन मुलांच्या हाती त्यांचं चरित्र द्यावं. ही सहल पावसातही होते आणि फुकट होते.

पावसाळा : आनंद आणि धोका

जून लागला की या खोऱ्यात सगळ्यांचे पाय पाण्याकडं वळतात. बदलापूरजवळचा कोंडेश्वर, भिवपुरीचा धबधबा, खडवलीची भातसा. दर पावसाळ्यात इथं माणसं बुडतात आणि प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. त्यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं. कोंडेश्वरसारख्या कुंडांचे खडक आतून पोखरलेले असतात, वरून पडणारं पाणी माणसाला तळाशी दाबून धरतं. आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही नदी काही मिनिटांत चढते. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुरानं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकवली. हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. जी नदी आगगाडी थांबवते, तिच्यासमोर पोहता येण्याचा भरवसा काय कामाचा? पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं वाहू लागली की तत्क्षणी काठ सोडावा. बंदी असेल तिथं जाऊच नये.

पावसाळ्याचा आनंद इतरत्र आहे. कर्जत, बदलापूर, कल्याणच्या स्थानकांबाहेर ठाकर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात: शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू. प्रत्येकीचं नाव विचारावं, कशी करायची तेही विचारावं. शेवळांना काकडं घालायची असतात, ही गोष्ट त्या सांगतात तशी पुस्तकात सापडत नाही. त्याआधी जूनमध्ये बदलापूरची जांभळं येतात. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. टिटवाळ्याच्या महागणपतीला अंगारकी सोडून साध्या दिवशी जावं, तळ्याकाठी निवांत बसता येतं. या देवळाचा जीर्णोद्धार पेशवाईत, थोरल्या माधवरावांच्या काळात झाला.

खालचं पाणी : खाडी आणि वसई

नदीचा शेवट पाहायला दिवा-वसई गाडी पकडावी. डोंबिवलीकरांना ती कोपरलाही मिळते. भिवंडी, खारबाव, कामण करत ती वसईला नेते. पोर्तुगिजांच्या तिथल्या किल्ल्यात चर्चच्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला. तटावरून उल्हासची खाडी समुद्राला मिळताना दिसते. कोंडाण्याचा ओढा पाहिलेलं मूल इथं उभं राहिलं की नकाशा त्याच्या डोक्यात कायमचा बसतो.

हिवाळ्याच्या अखेरीस ऐरोलीला जावं. ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोट निघते. तिची वेळ भरतीवर ठरते, म्हणून जागा आधी राखून ठेवावी.

सुट्टी कुणाची?

एक गोष्ट घरातल्या पुरुषांना उद्देशून. सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून पोळ्या लाटणारी बाई सहलीला जात नाही, ती फक्त कामाची जागा बदलते. लोखंड्यांच्या सभेत उभ्या राहिलेल्या त्या दोघींनी मागितलेली सुट्टी तिच्या वाट्याला अजून आलेली नाही. डबा सगळ्यांनी मिळून भरावा, किंवा कर्जतचा वडापाव, उल्हासनगरचं डाळ-पकवान यावर दिवस काढावा. आजी-आजोबांना अंबरनाथ, टिटवाळा, दुर्गाडी जमतं; कोंडाणे आणि नाणेघाट त्यांच्यावर लादू नये. निघण्यापूर्वी रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहावं, म्हणजे तान्ह्या मुलाला घेऊन फलाटावर ताटकळावं लागत नाही.

काही गोष्टी मात्र कुटुंबाच्या हातात नाहीत. यातल्या बहुतेक ठिकाणी बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवं, मराठीत नीट माहिती देणारा फलक हवा, सुट्टीच्या दिवशी स्थानकापासून बस हवी. नगरपालिकांनी आणि महापालिकांनी सुशोभीकरणाच्या आधी या तीन गोष्टींवर पैसा खर्च करावा. शाळांनी वर्षाची एक सहल तरी दूरच्या वॉटर पार्कऐवजी आपल्याच नदीवर काढावी. गृहसंस्थांनी गणेशोत्सवासारखीच वर्गणी काढून महिन्यातला एक रविवार ठरवावा, म्हणजे ज्या घराला एकट्यानं जमत नाही तेही सोबत येईल.

डोंबिवली, बदलापूरला लोक झोपायची गावं म्हणतात, कारण इथली माणसं फक्त झोपायला घरी येतात. ज्या माणसाला आपल्या नळाच्या पाण्याचा उगम माहीत आहे, शेजारच्या देवळाचा शक ठाऊक आहे आणि भाजीवालीचा पाडा कुठला हे ठाऊक आहे, तो नदीत रसायन सोडणाऱ्याला जाब विचारेल आणि लेण्यावर नाव कोरणाऱ्याचा हात धरेल. स्वस्त जागेसाठी आलेले आपण या खोऱ्याचे रहिवासी व्हायचे असू, तर ते काम रविवारीच होऊ शकतं, आणि ते मुलांना बरोबर घेऊनच करायला हवं.