गृहसंगणकांची पुनर्बांधणी

गृहसंगणकांची पुनर्बांधणी : घरगुती वापरासाठी तयार केलेले, पण उत्पादन बंद पडलेले जुने संगणक पुन्हा चालू स्थितीत आणणे आणि त्यासाठी लागणारे दुर्मिळ सुटे भाग मिळविणे, या कामास ही संज्ञा लावता येते. १९७७ नंतरच्या दशकात ॲपल-२, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो, सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम इ. गृहसंगणक प्रचारात आले. या यंत्रांचे आयुष्य थोड्या वर्षांचेच गृहीत धरलेले होते. जुन्या निर्वात नलिकांच्या रेडिओची एखादी नलिका गेल्यास त्याच प्रकारची दुसऱ्या कारखान्यातील नलिका बसविता येत असे. गृहसंगणकात मात्र बहुधा एक तरी चिप केवळ त्याच यंत्रासाठी बनविलेली असते. ती निकामी झाली व तिचे उत्पादन थांबलेले असले, तर बाकीचे सर्व भाग उत्तम असूनही यंत्र मुके होते. पुनर्बांधणीतील मुख्य प्रश्न हाच असून झेडएक्स स्पेक्ट्रमच्या उदाहरणावरून तो स्पष्ट होतो.

यंत्राची रचना : क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिज (इंग्लंड) येथील कंपनीने हा संगणक एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. विद्युत् मंडलाचा अभिकल्प रिचर्ड आल्टवासर यांनी आणि बाह्य आकार रिक डिकिन्सन यांनी केला. स्कॉटलंडमधील डंडी येथील टायमेक्स कारखान्यात त्याचे उत्पादन होई. दूरचित्रवाणी संच हा त्याचा पडदा आणि साधा ध्वनिफीत यंत्र ही त्याची साठवणीची सोय होती. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअर यांचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्पेक्ट्रमचे उत्पादन पूर्णपणे थांबले.

सुट्या भागांचे वर्ग : उपलब्धतेच्या दृष्टीने या यंत्राच्या भागांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात रोधक, धारित्रे, ट्रँझिस्टर, ५ व्होल्टांचा दाबनियंत्रक यांसारखे सर्वसाधारण भाग येतात. ते किंवा त्यांच्याशी जुळणारे भाग आजही तयार होतात. विद्युत् विच्छेदी धारित्रांमधील द्राव कालांतराने सुकतो किंवा पाझरतो. म्हणून ती बहुधा सर्वच बदलतात.

दुसऱ्या वर्गातील भाग एके काळी अनेक यंत्रांसाठी लाखांनी तयार होत असत. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी ४११६ या प्रकारच्या आठ चिपा वापरलेल्या असतात. त्यांना +५, +१२ व −५ असे तीन विद्युत् दाब लागतात. पुढील काळातील चिपांना ५ व्होल्टांचा एकच दाब पुरेसा झाल्याने ४११६ मागे पडली व आता केवळ जुन्या साठ्यांतून मिळते. उरलेल्या ३२ किलोबाइटांसाठी सिंक्लेअर यांनी काटकसर म्हणून अर्धा भाग सदोष ठरलेल्या ६४ किलोबिट चिपा स्वस्तात घेतल्या आणि मंडलावरील एका जोडतारेने चांगला अर्धा भाग निवडण्याची सोय केली. रंगसंकेत तयार करणारी एलएम१८८९ ही चिपही याच वर्गातील होय. झेड८० हा सूक्ष्मप्रक्रियक १९७६ पासून सतत तयार होत होता. तथापि त्याच्या मूळ ४० पायांच्या प्रकाराचे उत्पादन थांबविण्याची घोषणा झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये केली. एखादा भाग पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात कसा जातो, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे.

तिसऱ्या वर्गात एकच भाग येतो. तो म्हणजे फेरांटी या ब्रिटिश कंपनीने बनविलेली यूएलए ही चिप. अशा चिपेवर आधी न जोडलेली तर्कद्वारे तयार करून ठेवीत आणि अखेरच्या थरातील धातूच्या जोडण्या ग्राहकाच्या गरजेप्रमाणे करून देत. स्पेक्ट्रमची यूएलए दूरचित्रवाणीसाठी चित्रसंकेत तयार करते, कळफलक वाचते, ध्वनिफितीशी देवाणघेवाण करते आणि स्मृतीचा वापर चित्रसंकेत व सूक्ष्मप्रक्रियक यांच्यात वाटून देते. दुसऱ्या कोणत्याही यंत्रात तिचा उपयोग नसल्याने स्पेक्ट्रमचे उत्पादन थांबताच तिची गरजही संपली. फेरांटी कंपनी १९९३ मध्ये आर्थिक दृष्ट्या कोसळली.

भाग मिळविण्याचे मार्ग : न वापरलेले जुने साठे, इतर यंत्रांतून काढलेले भाग, नव्याने तयार केलेल्या प्रतिकृती आणि पर्यायी मंडले असे चार मार्ग प्रचलित आहेत. जुन्या साठ्यांचे भाग सर्वांत इष्ट असले, तरी त्यांत फसवणुकीस वाव असतो. चिपेवरील मूळ अक्षरे घासून काढून तेथे अधिक मोलाच्या चिपेचे नाव छापलेले आढळते. अशा वेळी पृष्ठभागावरील ओरखडे, ॲसिटोनने पुसली जाणारी शाई आणि उत्पादनाचा चार अंकी सांकेतिक क्रमांक तपासतात. पहिले दोन अंक वर्षाचे व पुढील दोन आठवड्याचे असतात; उदा., ८३१४ म्हणजे १९८३ चा चौदावा आठवडा. ज्या चिपेचे उत्पादन त्या वर्षापूर्वीच थांबले होते किंवा सुरूच झाले नव्हते, ती उघडच बनावट ठरते.

यूएलए बहुतेक स्पेक्ट्रम यंत्रांतूनच मिळते. एक यंत्र वाचविण्यासाठी दुसरे मोडावे लागते व चालू होऊ शकणाऱ्या यंत्रांची एकूण संख्या दरवेळी घटते. यामुळे ज्याचे मंडल गंजून किंवा जळून दुरुस्तीपलीकडे गेले आहे, अशाच यंत्रातून ती काढावी, असा संकेत जाणकार पाळतात. यूएलए बहुधा सॉकेटात बसविलेली असल्याने डाखकामाविना काढता येते.

कळफलकाची स्थिती याउलट आहे. त्याच्या रबरी कळांखाली वाहक रेषा छापलेले प्लॅस्टिकचे पटल असते. या पटलाच्या पट्ट्या जुन्या झाल्यावर ठिसूळ होऊन जोडणीच्या जागी तुटतात. परंतु पटलाची रचना सोपी असून मागणीही पुरेशी असल्याने नवी पटले तयार होऊ लागली आहेत.

दुरुस्तीचा क्रम : दुर्मिळ भागांचे रक्षण व्हावे अशा रीतीनेच कामाचा क्रम ठरवितात. मूळ पुरवठासाधन ९ व्होल्ट एकदिश प्रवाहाचे असून त्याच्या खुंटीचा आतील भाग ऋण व बाहेरील भाग धन असतो. आजच्या बहुतेक पुरवठासाधनांत ही मांडणी उलट असल्याने ते न तपासता जोडल्यास यंत्राची हानी होते. त्यानंतर मंडलावरील तिन्ही विद्युत् दाब मोजतात. +१२ व −५ व्होल्ट हे दाब मंडलावरच एका ट्रँझिस्टर-जोडीच्या साहाय्याने तयार होतात. यंत्र चालू असताना मागील बाजूस एखादे उपकरण जोडले वा काढले, तर ही जोडी निकामी होण्याचा संभव असतो. +१२ व्होल्ट असताना −५ व्होल्ट नाहीसे झाले, तर ४११६ चिपा बिघडतात. नव्या चिपा आधी बसवून दाब नंतर मोजल्यास त्याही त्याच कारणाने जातात. दाब बरोबर आल्यावर स्मृती व सूक्ष्मप्रक्रियक तपासतात. यूएलए सर्वांत शेवटी बदलतात. ती चालताना बरीच तापत असल्याने तिच्यावर उष्णता दूर करणारी धातूची पट्टी बसविणे हितावह असते.

पर्यायी भाग व मूळ स्वरूप : केवल वाचन स्मृतीची चिप बिघडल्यास जंबुपार किरणांनी पुसता येणाऱ्या चिपेत मूळ आज्ञावली भरून ती जोडणीत थोडा फेरफार करून बसविता येते. यूएलएच्या बाबतीत अडचण मोठी होती, कारण तिचे कार्य दीर्घ काळ फक्त तिच्या अंतर्रचनेतच नमूद होते. तिच्या सूक्ष्म वेळापत्रकावर अनेक खेळांतील चित्रपरिणाम अवलंबून असतात. क्रिस स्मिथ यांनी या चिपेच्या अंतर्रचनेचा तपशीलवार अभ्यास करून २०१० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. यूएलएचे काम बाजारात मिळणाऱ्या साध्या तर्क-चिपांनी करणारे हार्लेक्विन हे मंडलही त्यांनी रचले. यानंतर, हवी तशी अंतर्गत जोडणी करता येणाऱ्या आधुनिक चिपांच्या आधारे मूळ सॉकेटात बसणाऱ्या पर्यायी यूएलए तयार झाल्या. चिप संपली, तरी तिचे पूर्ण ज्ञान नोंदलेले असेल तर यंत्र टिकविता येते, हे यावरून सिद्ध झाले.

पर्यायी भाग बसविलेले यंत्र मूळचेच मानावे काय, याविषयी दोन मते आहेत. काहींच्या मते चालत नसलेला संगणक अर्धाच जतन झालेला असतो. इतरांच्या मते मूळ भाग हाच ऐतिहासिक पुरावा असून तो बदलल्यास पुरावा नष्ट होतो. व्यवहारात परत फिरविता येईल असाच बदल करणे, काढलेले भाग यंत्रासोबत जपून ठेवणे व प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवणे हा मध्यम मार्ग दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखा आहे.

भारतातील स्थिती : १९८०–९० या दशकात पुणे येथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्याने स्पेक्ट्रम प्लस हा प्रकार भारतात विकला. त्याच दशकात शासनाच्या ‘क्लास’ या शालेय संगणक शिक्षण प्रकल्पाद्वारे बीबीसी मायक्रो अनेक शाळांत पोहोचला. अशी यंत्रे भंगारात जाताना त्यांच्याबरोबर एकाच यंत्रापुरते बनलेले भागही जातात. पहिल्या वर्गातील भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील दुकानांत मिळू शकतात. तिसऱ्या वर्गातील भागासाठी मात्र असेच एखादे बंद पडलेले यंत्र हाच येथील जवळचा स्रोत असतो. म्हणून बंद यंत्र टाकून देण्यापूर्वी त्यातील सॉकेटात बसविलेल्या चिपा काढून, स्थितिक विद्युत् भारापासून संरक्षण करणाऱ्या वेष्टनात ठेवणे आणि वेष्टनावर यंत्राचे नाव लिहिणे उपयुक्त ठरते.