विश्लेषण : वाई ते मिरज... गुरूच्या मागे बसलेली शिष्या नेमके काय शिकते?

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तो तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसणाऱ्या मुलीचे शिक्षण कुठल्याच मानांकनात बसत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, कृष्णेच्या काठाने, मोठ्या कलावतीकडून धाकटीला कला मिळाली ती बरीचशी अशीच.

हिराबाई आणि प्रभाताईंचे नाते कसे होते?

हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ चा, मिरजेतला. प्रभा अत्रे यांचा १९३२ चा. दोघींत २७ वर्षांचे अंतर. प्रभाताई आधी हिराबाईंचे बंधू सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकत होत्या. १९५३ मध्ये सुरेशबाबू गेले. पुढे हिराबाईंची तालीम मिळाली, शिवाय मैफलीत त्यांच्या मागे बसून स्वरसाथ करण्याची संधीही. राग घरी शिकता येतो. पण घसा साथ देत नसताना मैफल कशी तोलायची, श्रोते चुळबुळ करू लागले तर काय गायचे, हे त्या मागच्या जागेवरूनच दिसते.

आणखी एक गोष्ट आयती मिळाली. गाणाऱ्या बाईकडे संशयाने पाहिले जाई त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि बाईला मंचावर मानाने बसता येते हे दाखवले. धाकट्या पिढीला ती लढाई पहिल्यापासून लढावी लागली नाही.

तरीही प्रभाताई हिराबाईंची नक्कल झाल्या नाहीत. अमीर खाँ यांच्या गायकीचा प्रभाव त्यांनी मोकळेपणाने स्वीकारला, सरगमवर संशोधन केले आणि १९९२ पासून सुरेशबाबू-हिराबाईंच्या नावाने संगीत समारोहही भरवला.

वाईत काय वेगळे होते?

यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांची गुरू घरातच होती, आई गीताबाई. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हापुन्हा येते आणि दर वेळी डोळे, मान, हात तिचा अर्थ बदलतात. हे कागदावर उतरत नाही. पाहायचे, करायचे, चुकले की बोलणी खायची! पुढे बहीण तारा आणि हिरा यांच्यासह त्यांची संगीत पार्टी उभी राहिली. इथे नाते, मैत्री आणि पोट वेगळे काढता येत नाही. २०१२ मध्ये यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली.

कराडजवळच्या करवडीच्या मंगला बनसोडे याही आई विठाबाई नारायणगावकर यांच्या फडात घडल्या. आईच्या नावाचा राज्य पुरस्कार पुढे त्यांनाही मिळाला.

मग अडचण कुठे आहे?

या शिक्षणामागे सक्तीही होती, हे विसरून चालणार नाही. यमुनाबाई कोल्हाटी समाजातल्या. मुलीने नाचून-गाऊन घर चालवायचे ही तिथली रीत. आता त्या घरांतल्या मुली शाळा-कॉलेजात जातात आणि ते योग्यच आहे. पण मग मागच्या जागेवर बसणार कोण? आठ-दहा दिवसांच्या शिबिरात लावणीची चाल येते, अदाकारी येत नाही. मोबाइलवरच्या चित्रफितीत गाणे सापडते, ‘इथे घाई केलीस’ असे सांगणारी बाई सापडत नाही. हौसेने येणाऱ्या मुलीला तीन-चार वर्षे एखाद्या ज्येष्ठ कलावतीच्या सहवासात काढायची असतील, तर त्या काळात दोघींचेही घर चालले पाहिजे. गरज आहे ती या खर्चाची सोय करण्याची.