'ढाण्या' वाघ : एका विशेषणाचा अर्थ आणि वापर

मराठीत 'वाघ' हा शब्द जितका परिचित, तितकाच संदिग्ध आहे. संस्कृत 'व्याघ्र' या शब्दाचे हे रूप मुळात पट्टे असलेल्या प्राण्याचेच नाव. लोकव्यवहारात मात्र ते बिबट्यालाही लावले जाते. ज्या प्रदेशातून पट्टेदार प्राणी नाहीसा झाला, तेथे तर हे नाव बिबट्याकडेच राहिले. जुन्नर परिसरातील शेतकरी 'उसात वाघ शिरला' असे सांगतो, तेव्हा त्याला बिबट्या अभिप्रेत असतो. वाघोबाची पूजा करणारा भाविकही या दोहोंत भेद करीत नाही.

या संदिग्धतेवर भाषेने स्वतःच एक तोडगा काढलेला आहे. तो म्हणजे 'ढाण्या' हे विशेषण. ढाण्या वाघ म्हणजे अंगावर पट्टे असलेला, पूर्ण वाढ झालेला मोठा वाघ. हे विशेषण हत्तीला, गव्याला किंवा अस्वलाला लागत नाही. एकाच प्राण्यासाठी राखून ठेवलेली अशी विशेषणे भाषेत थोडीच असतात. आज मात्र ते जंगलापेक्षा सभामंडपात अधिक ऐकू येते. धाडसी वक्त्याला वा पुढाऱ्याला 'ढाण्या वाघ' म्हणण्याची प्रथा रूढ झाली असून मूळ अर्थ मागे पडत चालला आहे. व्यासपीठावरील ढाण्या वाघ व्याघ्रगणनेत धरले जात नाहीत, हे येथे सांगावयास हरकत नसावी!

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. येथे दोन्ही प्राणी आहेत आणि अनेक ठिकाणी ते एकाच शिवारात वावरतात. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा पट्ट्यात, भद्रावती तालुक्यातील माजरीसारख्या गावांभोवती, खाणींतून काढलेल्या मातीचे उंच ढिगारे आहेत. अशा ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली की वन्य प्राण्यांना आडोसा मिळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. त्यानंतर लगेचच जवळच्या दुर्गापूर येथे एका मुलाचा बिबट्याने बळी घेतला. दोन्ही घटनांचे वर्णन बोलीत 'वाघाने नेले' या एकाच वाक्याने होऊ शकते. वनविभागाच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी प्रकरणे होत.

वेगळी का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. बिबट्या झाडावर सहज चढतो, वस्तीच्या कडेला दडून राहतो, कुत्री आणि शेळ्यांच्या मागावर अंगणापर्यंत येतो. त्याच्यासाठी गोठ्याचे दार, रस्त्यावरील दिवे आणि घरालगतचे झुडूप यांकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. पट्टेदार वाघाशी गाठ बहुधा रानात अथवा रानालगतच्या शेतात पडते. मोहफुले वेचताना वा तेंदूपाने तोडताना वाकून बसलेला एकटा माणूस त्याच्या तडाख्यात सापडतो. तेथे समूहाने जाणे आणि पहाटेचा अंधार टाळणे हाच मुख्य उपाय. पिंजराही दोघांसाठी सारखा नसतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत दोन्ही प्राणी आहेत. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याला पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. असा आदेश विशिष्ट प्राण्यापुरता असतो, 'वाघ' या मोघम शब्दापुरता नव्हे. पहिल्या वर्दीतच नाव चुकले तर शोध भलत्या दिशेने जातो, आणि खरा प्राणी मोकळाच राहतो. आर्थिक साहाय्याबाबत मात्र गैरसमज नसावा. मृताच्या कुटुंबास मिळणारी मदत वाघ की बिबट्या यावरून कमी-अधिक होत नाही. म्हणून बिबट्यास वाघ म्हणण्याने काही साधत नाही.

ग्रामपंचायतीच्या सदस्याने वा पोलीस पाटलाने वर्दी देताना 'पट्टेदार वाघ' किंवा 'बिबट' असे स्पष्ट लिहावे. कार्यालयीन लेखनात 'ढाण्या' पेक्षा 'पट्टेदार' अधिक बरे. कारण पहिला शब्द आकाराचा व रुबाबाचाही निर्देश करतो, आणि अर्धवट वाढीच्या वाघाला तो लागू पडत नाही. प्राणी दिसला नसेल, केवळ पाऊलखुणा असतील, तर तसेच नमूद करावे. मोठ्या वाघाचा ठसा साधारणतः बारा सेंटिमीटर वा त्याहून रुंद, बिबट्याचा सात-आठ सेंटिमीटर असतो. तथापि वाघाच्या बछड्याचा ठसा बिबट्यासारखाच भासू शकतो. म्हणून ठशावर टोपली झाकून ठेवावी आणि निर्णय वनरक्षकावर सोपवावा.

शिक्षकांनी आणखी एका शब्दाची गल्लत दूर करावी. बिबट्याला पुष्कळदा 'चित्ता' म्हटले जाते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते. २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बिबट्याचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे मधे पोकळ असतात. फळ्यावर खडूने हे दोन ठिपके आणि एक पट्टा काढून दाखविल्यास चौथीतील मुलालाही तिन्ही प्राणी वेगळे ओळखता येतात.