गर्दी न थांबवता दार बदलायचं

हैदराबादमधल्या जीडीमेटल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मोटरचा ड्राइव्ह उघडून ठेवला होता. दुकानदाराने आतल्या काळ्या कपॅसिटरच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि दोनच शब्द बोलला, ‘फूल गया’. सपाट हवी ती टोपी पुरीसारखी टम्म फुगली होती.

मोटरचा वेग कमी-जास्त करायचा तर तिला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलावी लागते. नेहमीचा ड्राइव्ह आधी ५० हर्ट्झच्या एसीचा डीसी करतो, तो कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग हव्या त्या वारंवारतेचा एसी कापून काढतो. या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. हैदराबादचा मे महिना आणि वर पत्र्याची शेड, म्हणजे बघायलाच नको.

मग हा मधला साठा काढूनच टाकला तर? १९८० साली व्हेंचुरिनी आणि अलेसिना या इटालियन संशोधकांनी त्याचं पक्कं गणित मांडलं. आत येणाऱ्या ३ फेज, बाहेर जाणाऱ्या ३ तारा आणि प्रत्येक जोडीमध्ये एक स्विच, असे ९ स्विच. सेकंदाला हजारो वेळा त्यांची उघडझाप करून हवी ती लहर विणायची. हाच मॅट्रिक्स कन्व्हर्टर. कागदावर इतका देखणा की हरखून जावं. घोडं अडलं ते एका स्विचवरून दुसऱ्यावर जाताना. या बदलाला कम्युटेशन म्हणतात.

इथे नियम दोनच. दोन फेज एकमेकींना भिडल्या तर शॉर्टसर्किट. आणि मोटरची तार क्षणभरही मोकळी सोडायची नाही, कारण गुंडाळीतला प्रवाह एकदम थांबत नाही. वाट तोडली तर व्होल्टेज उसळतं आणि स्विच जळतो. नेहमीच्या ड्राइव्हमध्ये अशा वेळी डायोड आयती पळवाट देतात. इथे ती नाही. म्हणजे जुना स्विच आधी बंद केला तरी पंचाईत, नवा आधी चालू केला तरी पंचाईत.

हैदराबादचं अमीरपेट मेट्रो स्थानक डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सहाची गर्दी, जिन्यावरून उतरणारा लोंढा थांबवणं अशक्य. तो ‘अ’ दारातून ‘ब’ दाराकडे वळवायचाय. प्रत्येक दारात दोन एकेरी फाटकं आहेत, एक जाण्याचं, एक येण्याचं. (प्रत्यक्षातही एकेका स्विचमध्ये दोन आयजीबीटी ट्रान्झिस्टर असतात, एकूण १८.) लोंढा जातोय हे दिसतंय, तेव्हा ‘अ’चं येण्याचं फाटक आधी बंद करा, त्यातून कोणी येतच नव्हतं. मग ‘ब’चं जाण्याचं उघडा. आता दोन्ही दारांतून फक्त जाता येतं, त्यामुळे ‘ब’कडचा माणूस उलटा ‘अ’मध्ये घुसू शकत नाही. मग ‘अ’चं जाण्याचं बंद आणि शेवटी ‘ब’चं येण्याचं उघडं. लोंढा कुठेही अडला नाही, दोन दारांची टक्करही झाली नाही. १९८९ मध्ये बुरानी यांनी मांडलेली चार पावलांची पद्धत ती हीच. चारही पावलं मिळून काही मायक्रोसेकंदांत उरकतात.

मला या युक्तीतली गोम जास्त आवडते. गर्दी कुठल्या दिशेने चाललीय हे ठाऊक असेल तरच ही युक्ती चालते. प्रवाह शून्याजवळ आला की सेन्सर गोंधळतो, दिशा चुकते आणि नको ते फाटक बंद होतं. म्हणून काही जण प्रवाहाऐवजी फेजच्या व्होल्टेजची तुलना करून क्रम ठरवतात. तिथे दोन फेजची व्होल्टेज सारखी झाली की तोच घोळ. अखेर दोन्हींची सांगड घालतात, वर सुरक्षेसाठी डायोडचं संरक्षक सर्किट आणि एक छोटा कपॅसिटर ठेवतात. काढलेला पाहुणा मागच्या दाराने परत!

शिवाय बाहेर मिळणाऱ्या व्होल्टेजवर ८६.६ टक्क्यांची मर्यादा आहेच. ४१५ व्होल्ट दिले तर सरळ मार्गाने फार तर ३५९ बाहेर येतात. जपानच्या यास्कावाने असे ड्राइव्ह बाजारात आणले. ब्रेक मारताना मोटरची वीज लाइनीत परत पाठवायला ते उत्तमच. पण कारखान्यांतल्या बहुतेक पेट्यांत आजही तो काळा कपॅसिटरच बसलेला आहे, आणि त्यात जवळपास ५८० व्होल्ट साठलेले असतात. तेव्हा मेन स्विच पाडला तरी झाकणावर छापलेली मिनिटं थांबा आणि मीटर लावून पाहिल्याशिवाय आत हात घालू नका.