दोन अक्षरांची सोयरीक

आपली नातवंडे मोबाइलवरून खुशाली कळविताना ‘बारूख हाशेम’ पूर्ण न लिहिता ‘बेत’ व ‘हे’ ही दोनच हिब्रू अक्षरे धाडतात. त्यांचे जोडाक्षर घडवावे काय? दाखला आहे : ‘आलेफ-लामेद’ची जोडणी जुन्या हस्तलिखितांत आढळते, १९९३ साली युनिकोडमध्येही तिला स्थान मिळाले. परंतु नवे चिन्ह प्रत्येक यंत्रास उमटविता येईलच असे नाही. म्हणून आम्हांस आपल्या ‘क्ष’चा मार्ग बरा वाटतो. यंत्रात क, हलन्त व ष निरनिराळेच साठतात. सांधतो तो फॉन्ट. तो नसला तरी मूळ अक्षरे शाबूत राहतात. संक्षेपाच्या दोन रेघाही गाळू नयेत. रूप कसेही नटवा, पण आजीला ती दोन अक्षरे ओळखता आली पाहिजेत. खुशाली तिच्यासाठीच तर आहे.