वाजवलं कोणी?

मुलांनो, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी गोन्साल्विस तुम्हांला ठाऊक असेल. पण या नावाचे खरेखुरे व्हायोलिनवादक होते बरं का! गाव गोव्यातले माजोर्डा. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनीच गाण्यात आणले.

आता वादकाच्या खुर्चीत बसून पाहा. १९५०-६० च्या सुमारास मुंबईच्या स्टुडिओत कितीतरी वादक एकत्र वाजवीत. एक चुकला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! पुढे प्रत्येकाचे वेगळे ध्वनिमुद्रण होऊ लागले. मग सिंथेसायझर आला. एकच माणूस अनेक वाद्यांचे आवाज काढू लागला. खर्च वाचला, पण कित्येक वादकांची रोजीरोटी गेली.

यंत्र वाईट नाही, दोस्तांनो. पण गाणे आवडले, तर गायकाबरोबर वादकांचीही नावे शोधाल ना?